वाऱ्याची सरासरी आणि पीण्याची साक्ष

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. त्या क्षणी सारा देश बेंगळुरूतील ज्या नियंत्रण कक्षाकडे पाहत होता, तो कक्ष पीण्या औद्योगिक क्षेत्रात आहे. इस्रोच्या 'इस्ट्रॅक' या केंद्राचे ते ठिकाण. अवकाशयानाचा माग ठेवणे म्हणजे अखेर कोनांचा हिशेब ठेवणे. शहराबाहेर ब्यालाळू येथे उभी असलेली ३२ मीटर व्यासाची तबकडी कोणत्या दिगंशाकडे वळवायची, हा प्रश्न तिथे क्षणोक्षणी सुटत असतो. बेंगळुरू सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. चंद्राची क्रांती १३ अंशांहून अधिक उत्तर असते, त्या दिवशी तो या शहराच्या माथ्याच्या उत्तरेकडून याम्योत्तर वृत्त ओलांडतो आणि त्याचा दिगंश २ अंश, १ अंश, शून्य असा उतरत एकदम ३५९ होतो. अशा वेळी १ आणि ३५९ यांची बेरीज करून दोनाने भागले, तर उत्तर १८० येते आणि तबकडी चंद्राकडे पाठ करून दक्षिणेच्या आकाशाकडे पाहत बसते. तिथे ही चूक कोणी करत नाही. केली असती, तर त्या संध्याकाळी टाळ्या वाजल्या नसत्या.

याच औद्योगिक क्षेत्रात कोनाची नोंद करणारे दुसरेही एक यंत्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे हवेच्या गुणवत्तेचे सतत मापन करणारे केंद्र पीण्यात आहे. सूक्ष्म धूलिकण, नायट्रोजनची ऑक्साइडे, ओझोन यांच्या स्तंभांशेजारी तिथे आणखी दोन स्तंभ असतात : वाऱ्याचा वेग आणि वाऱ्याची दिशा. ही आकडेवारी कोणालाही उतरवून घेता येते, आणि पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी ती मोठ्या संख्येने घेतात. दोष केंद्राचा नाही. दोष पुढे सुरू होतो. प्रकल्प लिहिणारा विद्यार्थी, अहवाल तयार करणारा सल्लागार, आलेख छापणारा पत्रकार हे सारे दिशेच्या स्तंभाखाली तेच सूत्र टाकतात, जे परीक्षेतील गुणांच्या स्तंभाखाली टाकले जाते. ३५०, १०, ३४०, २० या चार तासांच्या नोंदी आहेत. वारा चारही तास उत्तरेकडून आला आहे. गणकपत्रक सांगते १८०, म्हणजे दक्षिण. जो धूर उत्तरेकडून आला, त्याचे खापर दक्षिणेच्या माथी फुटते. प्रमाण विचलनही अवाढव्य येते, आणि शांतपणे एका दिशेने वाहिलेला वारा कागदावर सैरावैरा झालेला दिसतो.

याला किरकोळ चूक म्हणणे हीच मोठी चूक आहे. धूलिकणांचा आकडा हवा किती खराब आहे हे सांगतो. दिशेचा आकडा ती कोणाकडून खराब झाली याची साक्ष देतो. पहिला आकडा जपून ठेवायचा आणि दुसरा चुकीच्या बेरजेत बुडवायचा, म्हणजे गुन्ह्याचा पंचनामा करून साक्षीदाराला घरी पाठवायचे. ज्यांना साक्ष नको आहे, त्यांना यासाठी काही खटपटही करावी लागत नाही.

या चुकीवरचा पहिला उपाय जुना आहे आणि दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडचा नाही. प्रत्येक दिशा ही वर्तुळावरील एक बिंदू मानायची, तिच्या साइन आणि कोसाइनची वेगवेगळी सरासरी काढायची आणि त्या दोन सरासऱ्यांवरून पुन्हा कोन शोधायचा. वरच्या चार नोंदींना ही रीत लावली की उत्तर शून्य अंश, म्हणजे उत्तर दिशा, असे चोख येते. (इथे पाय घसरण्याची एक जागा आहे. एक्सेलमध्ये कोन परत मिळवणारे सूत्र आधी कोसाइन मागते आणि मग साइन. पायथनमध्ये क्रम नेमका उलटा. या अदलाबदलीमुळे पूर्वेची उत्तर झालेली चित्रे कमी नाहीत.) याच रीतीतून दुसरी एक संख्या हाती येते : एकत्रित सदिशाची लांबी. सगळ्या नोंदी एकाच दिशेच्या असतील तर ती १, आणि एकमेकींना पुरत्या छेदून टाकणाऱ्या असतील तर शून्य. सरासरी कितपत विश्वासार्ह आहे, हे या लांबीवरून कळते.

आणि बेंगळुरूच्या बाबतीत खरा पेच इथेच आहे. या शहराला एक वारा नाही, दोन आहेत. जून ते सप्टेंबर तो पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून जोराने येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्व आणि ईशान्येकडून. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेल्या कोणालाही अशी जोडी नवी नाही. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून वारा येतो, रात्री जमिनीकडून जातो. या दोहोंची सरासरी काय, असे कोणी विचारले तर कोकणातला नाखवा हसेल. वर्षभराच्या आकडेवारीची सरासरी काढणारा मात्र हसत नाही, तो उत्तर छापतो. समजा, अर्ध्या नोंदी २५० अंशांच्या आणि अर्ध्या ८० अंशांच्या आहेत. साधी सरासरी १६५. सदिशांची सरासरीही १६५. दोन्ही रीती एकमुखाने सांगतात की वारा दक्षिण-आग्नेयेकडून वाहिला, आणि त्या दिशेने तो एक क्षणही वाहिलेला नाही. फरक इतकाच, की सदिशांच्या रीतीत लांबी ०.०९ च्या आत येते आणि 'माझ्यावर विसंबू नका' अशी कबुली ती रीत स्वतःच देते. साध्या सरासरीला कबुली देणे ठाऊक नाही. म्हणून लांबी न देता नुसती सरासरी दिशा छापणारा अहवाल, त्याने योग्य सूत्र वापरले असले तरी, अर्धे सत्य सांगतो. अशा आकडेवारीला सरासरी नकोच. तिला चित्र हवे.

ज्यांच्या चुकीने माणसे मरू शकतात, त्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. बेंगळुरूच्या केंपेगौडा विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्यांवर ०९ आणि २७ हे अंक आहेत, जुन्या एचएएल विमानतळावरही तेच : जवळजवळ ९० अंश आणि जवळजवळ २७० अंश. धावपट्टी आखताना वाऱ्याची सरासरी दिशा काढली असती तर ती भलतीकडेच गेली असती. धावपट्टीला दिशा नसते, अक्ष असतो. पूर्वेचा वारा आणि पश्चिमेचा वारा तिला सारखेच उपयोगी. असा अक्ष गणिताने शोधायचा तर प्रत्येक कोन आधी दुप्पट करतात. ९० चे १८० होतात, २७० चे ५४० होतात, म्हणजे पुन्हा १८०. परस्परविरुद्ध वारे एकाच जागी येऊन बसतात, आणि सरासरी काढून ती निम्मी केली की अक्ष मिळतो. सह्याद्रीचा काळा पाषाण अभ्यासणाऱ्यांनाही हेच कोडे पडले होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्याच्यात कोरली गेली, पण काही थरांत ती आजच्यासारखी, तर काही थरांत उलटी आढळते. सगळ्यांची सरसकट सरासरी काढली असती तर हाती भोपळा आला असता. दोन्ही गट वेगळे ओळखले गेले, म्हणूनच दख्खनचा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस असताना ओतला गेला, हे १९५० च्या दशकात चुंबकीय दिशांवरून सांगता आले. त्या कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचाही वाटा होता.

चित्र हवे, असे म्हटले की लगेच विंड रोज पुढे केला जातो. वर्तुळाच्या मध्यातून सोळा दिशांना पाकळ्या फुटतात. जिकडून वारा अधिक वेळा आला तिकडची पाकळी मोठी. पर्यावरणाच्या जवळजवळ प्रत्येक अहवालात हे फूल असते, आणि त्याच्याकडे फूल म्हणूनच पाहिले जाते. त्यात किती प्रकारे खोटे मिसळता येते, याचा विचार क्वचितच होतो.

पहिले खोटे डोळ्याचे. पाकळी जर त्रिज्येच्या प्रमाणात वाढवली आणि ती बाहेरच्या बाजूला रुंदावत जाणारी असेल, तर दुप्पट वेळा आलेला वारा चौपट क्षेत्रफळ व्यापतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील मृत्यूंची वर्तुळाकार चित्रे प्रसिद्ध केली, तेव्हा आकडा क्षेत्रफळाने दाखवायचा हे भान त्यांना होते. आजची अनेक तयार साधने मुकाट्याने त्रिज्या वापरतात आणि वापरणारा त्यांना विचारतही नाही. त्रिज्येसाठी वर्गमूळ घ्यावे, किंवा पाकळ्या सरळ पट्टीसारख्या सारख्या रुंदीच्या काढाव्यात. निदान कोणती रीत घेतली, ते चित्राखाली लिहावे.

दुसरे खोटे अधिक छुपे आहे, आणि बेंगळुरूला तर ते नेमके झोंबणारे आहे. विमानतळांच्या हवामान-संदेशांत दिशा दहा-दहा अंशांच्या टप्प्यांनी देतात : १०, २०, ३० असे ३६ आकडे. ते सोळा खणांत भरायचे म्हणजे प्रत्येक खण साडेबावीस अंशांचा. उत्तरेच्या खणात ३५०, ३६० आणि १० असे तीन आकडे पडतात. शेजारच्या खणात २० आणि ३० असे दोनच. पूर्वेच्या खणात ८०, ९०, १०० हे तीन. पुढच्यात पुन्हा दोन. म्हणजे वारा सर्व दिशांनी सारखा वाहिला तरी उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम या चार पाकळ्या इतरांच्या दीडपट दिसतात. ज्या शहराचा वारा मुळातच पूर्व-पश्चिम आहे, तिथे हा फुगवटा कोणाच्या ध्यानातही येत नाही. उपाय एका ओळीचा आहे : खण सोळा न करता बारा किंवा छत्तीस करावेत. पण सोळाच का, असा प्रश्न पडल्याशिवाय तो सुचत नाही.

तिसरे खोटे निवांत हवेचे. वातकुक्कुट फिरायला थोडा तरी वेग लागतो. त्याखाली तो मागच्या झुळकीने जिथे सोडला तिथे खिळून राहतो आणि यंत्र इमानाने तीच दिशा नोंदवत राहते. विमानतळांच्या संदेशांत उत्तरेचा वारा ३६० असा लिहितात आणि निवांत असेल तर दिशा व वेग या दोहोंच्या जागी शून्ये. हा संकेत ठाऊक नसलेला विद्यार्थी ती शून्ये उत्तरेच्या खणात घालतो. आता हे केव्हा घडते ते पाहावे. हिवाळ्यातल्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वरची उबदार राहते, वारा पडतो, आणि रात्रभराचा धूर वस्तीवर तसाच साचून राहतो. अशा तासांची धूळ मोठी आणि दिशा 'शून्य'. चित्रात उत्तरेकडे एक लाल, ठसठशीत पाकळी उगवते. जो वारा आलाच नाही, त्याच्यावर सर्वाधिक प्रदूषणाचा आरोप ठेवला जातो. निवांत तासांची टक्केवारी मध्यभागी वेगळी लिहिण्याची शिस्त त्यासाठीच आहे.

वर्तुळाकार चित्रांवर सरसकट आक्षेप घेणारा एक पक्षही आहे, आणि त्याचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. मानवी डोळा लांबी नीट जोखतो, कोन आणि क्षेत्रफळ नीट जोखत नाही. तेव्हा फुले सोडून साधे स्तंभालेख काढा, असे हा पक्ष सांगतो. बेंगळुरूपुरते त्याचे बरोबरही ठरेल, कारण तिथला मुख्य वारा पूर्व-पश्चिम असल्याने वर्तुळ उत्तरेला कापून सरळ केले तरी कोणतीही मोठी पाकळी दुभंगत नाही. पण हे बेंगळुरूचे नशीब झाले. जिथे वारा उत्तरेचा आहे, तिथे तोच स्तंभालेख एका वाऱ्याचे दोन तुकडे करून दोन टोकांना ठेवतो. शिवाय स्तंभालेख नकाशावर ठेवता येत नाही. फूल पीण्याच्या नकाशावर ठेवले की त्याची पाकळी सरळ एखाद्या रस्त्याकडे, एखाद्या कारखान्यांच्या रांगेकडे बोट दाखवते. हे बोट दाखवणे हेच तर त्याचे काम.

पीण्यासारख्या जागी या बोटाला फार किंमत आहे. इथे मुलामा देणारे, रंग भाजणारे, ओतकाम करणारे, यंत्रांचे सुटे भाग घडवणारे असे लहानमोठे कारखाने दाटीने आहेत. आणि त्यांच्याच मधून तो महामार्ग जातो, जो मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत तुमकुरूवरून बेंगळुरूत शिरतो. पूर्वी त्याचा क्रमांक ४ होता, आता ४८ आहे. कारखानदार म्हणतो, धूर ट्रकांचा. वाहतूकदार म्हणतो, धूर कारखान्यांचा. हा वाद आकड्यावर सुटत नाही, कारण आकडा दोघांच्या धुराची बेरीज आहे. त्याला दिशा आणि वेग जोडून पाहावे लागते. वर्तुळात कोन म्हणजे वाऱ्याची दिशा, मध्यापासूनचे अंतर म्हणजे वाऱ्याचा वेग आणि रंग म्हणजे त्या वेळची धूळ, असे ध्रुवीय चित्र काढले तर मंद वाऱ्यात मध्याशी दाटलेला रंग जवळच्या, जमिनीलगतच्या स्रोताकडे इशारा करतो. वेगवान वाऱ्यात एकाच अंगाला पेटलेला रंग दूरच्या किंवा उंच स्रोताकडे, अथवा उडणाऱ्या मातीकडे. हा पुरावा अंतिम नसतो, संशयितांची यादी मात्र आखूड होते. असे चित्र काढणारी मोफत साधने कित्येक वर्षे उपलब्ध आहेत.

तरीही सार्वजनिक चर्चेत दिशा येतच नाही. २०१५ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर उभा आहे. रोजच्या पत्रकात शहराचे नाव, आकडा, श्रेणी आणि प्रमुख प्रदूषक असतो, वाऱ्याचा उल्लेख नसतो. २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम, ज्याच्या यादीत बेंगळुरूही आहे, धूलिकणांची पातळी २०२५-२६ पर्यंत ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे उद्दिष्ट सांगतो. वार्षिक सरासरीच्या उद्दिष्टाला दिशा असण्याचा प्रश्नच येत नाही. आणि पर्यावरण मंजुरीच्या अहवालांत पायाभूत मोजणी सामान्यतः पावसाळा वगळून एका ऋतूची पुरते. पाऊस धूळ धुऊन टाकतो, हे त्यामागचे समर्थन मान्य करावे. पण वायू आणि दर्प पावसाच्या प्रत्येक तासाला धुतले जातात असे नाही, आणि पावसाळ्यातही कोरडे दिवस असतात. बेंगळुरूत हिवाळ्याचा एक ऋतू मोजला की फक्त पूर्वेचा वारा मोजला जातो. त्या फुलानुसार पीण्याच्या पश्चिमेच्या वस्त्या तेवढ्या वाऱ्याखाली ठरतात. जालहळ्ळी, यशवंतपूर, मत्तिकेरे या पूर्वेकडच्या वस्त्यांवर जूनपासून चार महिने जो वारा जातो, तो त्या कागदावर अस्तित्वातच नाही. पाकळी खोटी नाही, अर्धे फूलच खुडलेले आहे.

हे शास्त्र परके आहे, आपल्याकडे कोणाला येते, असे म्हणण्याची तर सोयच नाही. या विषयाचा पाया घालणाऱ्या ग्रंथांपैकी एक, १९७२ चा 'स्टॅटिस्टिक्स ऑफ डायरेक्शनल डेटा', लिहिणारे कांतीलाल मर्डिया मुंबई विद्यापीठात संख्याशास्त्र आणि पुणे विद्यापीठात गणित शिकून पुढे इंग्लंडला गेले. १९६६ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सुप्रिय सेनगुप्ता आणि जे. एस. राव यांनी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातील वालुकाश्मांच्या तिरक्या थरांचे कोन मोजून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नद्या कोणीकडे वाहत होत्या, याचे वर्तुळीय संख्याशास्त्राने विश्लेषण केले. त्या खडकांच्या गटाला नाव आहे कामठीचे, नागपूरशेजारच्या कामठीचे. लगतच्या कोनांमधील अंतरांवर आधारलेली एक कसोटी तर आजही राव यांच्याच नावाने जगभर शिकवली जाते. आणि आपल्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत सरासरीचा धडा उंची, वजन आणि गुण यांच्यावरच संपतो. आटलेल्या नदीची दिशा ज्या देशाने इतक्या काळजीने मोजली, तिथे आज वाहणाऱ्या वाऱ्याची दिशा गणकपत्रकाच्या पहिल्या सूत्रावर सोडली जाते.

तेव्हा मागणी साधी आणि आजच पुरी करता येण्याजोगी आहे. पीण्याच्या हवेविषयी यापुढे जे चित्र छापले जाईल, मग ते पदवीच्या प्रकल्पात असो, मंजुरीच्या अहवालात असो की वर्तमानपत्रात, त्यात पावसाळा आणि हिवाळा यांची फुले वेगवेगळी असावीत. पाकळी वारा जिकडून येतो तिकडे आहे की जिकडे जातो तिकडे, हे लिहिलेले असावे. खण किती, निवांत तास किती टक्के, किती वेगाखालच्या नोंदी बाजूला काढल्या आणि आकडा त्रिज्येने दाखवला की क्षेत्रफळाने, हे चित्राखाली दोन ओळींत द्यावे. सरासरी दिशा दिलीच, तर तिच्याशेजारी सदिशाची लांबी द्यावी. आणि ती ०.०९ असेल, तर सरासरी दिशा खोडून टाकावी.